बँडवाले सर

(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

कुणी दुपारची भांडी आवरून बसल्या असाल, कुणी तांदूळ निवडत असाल, कुणी रानात बांधावर मोबाईल ठेवून ऐकत असाल. आज मी हप्ता, व्याज आणि कर्जफेड यावर बोलणार नाही. म्हणजे थोडं येईलच, कारण गोष्ट सुरू होते ती गटाच्या बैठकीतच.

गेल्या वर्षी लग्नसराई संपल्यावरची बैठक होती. गटातल्या एका वैनीचे दोन हप्ते थकले होते. ही बाई कधी हप्ता चुकवणारी नाही. तिनं पदराखालून एक काळी पेटी काढली आणि सतरंजीवर ठेवली. आत जुन्या लाल फडक्यात गुंडाळलेलं क्लॅरिनेट होतं. लग्नात बँडपार्टीत काळ्या नळीसारखं, तोंडानं फुंकायचं वाद्य असतं ना, ते.

"ताई, हे ठिवून घ्या अन् मला दहा हजार द्या," ती म्हणाली. "डीजे आल्यापून ह्यांना कुणी इचारंना. औंदा पाच सुपाऱ्या बी आल्या न्हाईत."

मी पडले हिशेबाची बाई. मी म्हटलं, "वैनी, गट वस्तू गहाण घेत नाही. हे विकून टाका, वर थोडं कर्ज घ्या आणि शेळ्या घ्या."

ती काही बोलली नाही. फडकं पुन्हा गुंडाळताना एवढंच म्हणाली, "इकलं तर मग ते रोज रात्री पुसतेत काय?"

तिच्याजवळ तिची सातवीतली लेक बसली होती. ती आईचा पदर ओढत होती. "आई, झाक ना ते. मैत्रिणी बघतेत."

पैशाचं मी घरी जाईपर्यंत विसरले असते. पण त्या लेकराचं 'झाक ना ते' डोक्यातून जाईना.

त्यानंतर आठवड्यानं मी इथं रेडिओ केंद्रावर कार्यक्रमाच्या कामाला आले होते. आतल्या खोलीत कुणीतरी जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. ट्रम्पेट वाजत होतं, म्हणजे बँडमधला पितळी कर्णा. मी सहज विचारलं, "कुणाची वरात निघाली?" सगळे हसले. इथले दादा म्हणाले, "ताई, हा लुई आर्मस्ट्राँग. अमेरिकेतला फार मोठा वादक. ह्या संगीताला जॅझ म्हणतात."

मला लाज वाटली, पण मनात म्हटलं, मी काही चुकीचं बोलले नाही. कानाला तर ते आपल्या बँडवाल्यासारखंच लागलं होतं. मग मी विचारत गेले, वाचत गेले. जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण ते आपल्या कामाचं आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस पिकायचा, आपल्या परभणीसारखाच. तिथं वेचणीला मजूर नव्हते, गुलाम होते. आफ्रिकेतून धरून आणलेली काळी माणसं आणि त्यांची लेकरंबाळं. दिवसभर वेचणी करताना ती गायची. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. आपण खुरपताना म्हणतो तसंच. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्यानं गेली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते त्या गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांनाच अर्पण केलं आहे. इतकी ती गोष्ट आपल्या जवळची आहे.

कायद्यानं गुलामगिरी गेली, पण अपमान गेला नाही. काळ्या माणसांनी लष्करी बँडची वाद्यं हाताशी धरली. न्यू ऑर्लिन्स नावाच्या शहरात ती मिरवणुकीत वाजवायला लागली, लग्नात वाजवायला लागली, अंत्ययात्रेत वाजवायला लागली. रानातली गाणी आणि ही पितळी वाद्यं एकत्र आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून जॅझ तयार झालं.

जॅझमध्ये काय असतं? सगळे मिळून एक चाल वाजवतात. मग एक जण पुढं होतो आणि त्याच चालीवर मनानं वाजवतो. लिहून आणलेलं नसतं, त्या क्षणी सुचेल ते. बाकीचे त्याला ठेका देतात. त्याचं झालं की दुसरा पुढं होतो. शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात.

बायांनो, हे आपल्याला नवं आहे का? जात्यावर बसलेली आजी काय करायची? पहिली ओळ आईकडून आलेली, दुसऱ्या ओळीत आपल्या भावाचं नाव घातलेलं, आपल्या लेकीचं सासर घातलेलं. समोर बसलेली जाऊ ती ओवी उचलायची आणि आपली पुढं जोडायची. गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यातली, तिचं नाव घेतलं की जातं आठवतंच. आपल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या तर अभ्यासकांनी गावात येऊन ध्वनिमुद्रित केल्या. पुण्याचे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी हे काम उभं केलं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळा केल्या. ज्याला आपण 'दळताना काहीतरी म्हणायचो' म्हणतो, ते जपून ठेवण्याचं धन आहे, हे कुणीतरी ओळखलं. जॅझचंही तसंच झालं.

आता त्या लुई आर्मस्ट्राँगची गोष्ट ऐका. जन्म १९०१ सालचा, न्यू ऑर्लिन्सच्या अगदी गरीब वस्तीतला. बाप सोडून गेलेला, आई राबून खाणारी. पोरगा चिंध्या-भंगार गोळा करायचा, कोळशाच्या गाडीवर जायचा. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री त्यानं हौसेनं पिस्तूल हवेत उडवलं. पोलिसांनी धरलं आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहात टाकलं. तिथं पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक मुलांचा बँड बसवायचे. वाईट वस्तीतला पोर म्हणून आधी त्यांनी लुईला जवळ केलं नाही. मग एक दिवस हातात खंजिरी दिली. पुढं ढोल दिला, पुढं बिगुल, आणि शेवटी कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचंच धाकटं भावंड. पोरगा त्या बँडचा म्होरक्या झाला. बँड त्याच्याच वस्तीतून वाजत गेला, तेव्हा त्याला पाहायला सगळी वस्ती रस्त्यावर आली. पुढं त्याचं ट्रम्पेट जगानं ऐकलं.

मला यात वाद्यापेक्षा मास्तर मोठा वाटतो. ज्याला आधी दूर ठेवलं, त्याच पोराच्या हातात त्यानं वाद्य दिलं.

तुम्ही म्हणाल, ताई, अमेरिकेचं आम्हाला काय करायचं? तर आता इकडं या. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळा होत्या. तिथं खेड्यातल्या गरिबांच्या पोरांना अक्षरांबरोबर सुरांचं लिहिणं-वाचणं शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे. ही पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली. हॉटेलात, जहाजावर, बँडमध्ये वाजवायला लागली. त्यांतल्या कितीतरी जणांनी जॅझ उचललं. आल्दोना गावचे एक ट्रम्पेटवादक होते, अंतोनियो झेवियर वाझ. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणायचे आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखायचे. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' आठवतो? जुन्या बायांना नक्की आठवेल. त्यातल्या 'शोला जो भडके' या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावर दिसतो. संगीत कुणाचं? सी. रामचंद्र यांचं. हे रामचंद्र चितळकर मराठी माणूस, जन्म पुणतांब्याचा. पुणतांबं गोदावरीच्या काठावर आहे, आणि तीच गोदावरी पुढं आपल्या गंगाखेडला येते. म्हणजे ज्या गाण्यावर आपल्या आया-आत्या नाचल्या, त्यात जॅझ होतंच. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

आणखी एक. 'अमर अकबर अँथनी' मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण या नावाचा खरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनचे मास्तर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्या शिष्यानं १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यात आपल्या गुरूचं नाव घरोघरी पोचवलं. गावातल्या शाळेत लेकराच्या हातात वाद्य दिलं की ते कुठवर जातं, ते बघा.

हे सगळं समजल्यावर मला बैठकीतली ती काळी पेटी आठवली. जे वाद्य मी विकायला सांगितलं होतं, ते शिकायला मुंबईत लोक पैसे मोजतात. आणि आमच्या गावात ते वाजवणारा माणूस शाळेपासून चार घरं पलीकडं रिकामा बसला होता.

मग मी शाळेत गेले. मुख्याध्यापक सरांना म्हटलं, आनंददायी शनिवारी लेकरांना वेगळं काही द्यायचं असतं ना, तर आमच्या मामांना बोलवा. सर तयार झाले. पण म्हणाले, शाळा व्यवस्थापन समितीत मांडा.

बैठकीत एक पालक म्हणाले, "वरातीत वाजिवणाऱ्याला शाळेत कशाला? आमची पोरं काय बँडवाली करायचीत का?" आणखी दोघांनी मान हलवली. मैत्रिणींनो, त्या विरोधात जात होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही, पण ती सगळ्यांना ऐकू आली. मला उत्तर सुचेना. तेव्हा आमच्या गटातली एक मावशी बोलली, "भाऊ, तुमच्या लग्नात ह्यांच्या बापानंच वाजिवलं होतं. तुम्ही घोड्यावर बसल्या बसल्या मान डोलवत होता, मी बघितलंय. तवा चाललं अन् आता शाळंत चालंना?" सगळे हसले. ते पालकही हसले. ठराव झाला.

मानधनाचं आम्ही आधीच ठरवलं होतं. फुकट बोलवायचं नाही. दोन गटांच्या मिळून चोवीस बाया, प्रत्येकीचे वीस रुपये, झाले चारशे ऐंशी. वरचे वीस मुख्याध्यापक सरांनी घातले. पाचशे रुपये पाकिटात घालून, वर नाव लिहून, तयार.

शनिवारी सकाळी मामा आले. धुतलेला शर्ट घातला होता. चपला फाटकाबाहेर काढल्या आणि वर्गाच्या दारातच उभे राहिले. सरांनी खुर्ची दिली तर बसेनात. "उभ्यानंच वाजिवतो सायब, सवय हाय." शेवटी सर स्वतः उभे राहिले तेव्हा कुठं मामा बसले.

पहिल्यांदा त्यांनी शाळेची रोजची प्रार्थना वाजवली. लेकरं गप्प झाली. एवढ्या जवळून वाद्य त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. वरातीत बँड लांब असतो, आणि डीजेत तर माणूसच नसतो. इथं मामांचे फुगलेले गाल दिसत होते, बोटं दिसत होती, मध्ये घेतलेला श्वास ऐकू येत होता. एके ठिकाणी सूर फाटला. मामा हसले आणि तिथूनच वळण घेऊन पुढं गेले. एका पोरानं विचारलं, "हे लिहून आणलंय का?" मामा म्हणाले, "थोडं पाठ, थोडं इथंच सुचलेलं."

मी मागं बसून मनात म्हटलं, हेच तर ते.

मग त्यांनी वाद्य उघडून दाखवलं. वेताची पातळ पत्ती कशी थरथरते, भोकं झाकली की आवाज कसा खाली जातो, श्वास पोटातून कसा घ्यायचा. आमच्या सरांनी लगेच फळ्यावर कंपन हा विज्ञानाचा धडा जोडून टाकला.

त्यांची लेक सगळ्यात मागच्या रांगेत होती. मान खाली. पूर्ण वेळ तिनं वर पाहिलं नाही.

शेवटी एका पोरीनं विचारलं, "मामा, आमच्या आजीची ओवी वाजवता येती का?" आजी तिथंच व्हरांड्यात बसली होती. लाजत लाजत तिनं एक ओळ म्हटली. मामांनी डोळे मिटले आणि तीच चाल क्लॅरिनेटवर काढली. आजीला जोर आला. तिनं दुसरी ओळ तिथल्या तिथं रचली, त्यात नातीचं नाव घातलं. मामांनी ती उचलली आणि थोडी वर नेली. आजीनं तिसरी ओळ म्हटली, आणि तिच्यात मामांच्या लेकीचं नाव घातलं. शहाण्या बापाची लेक, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

तेव्हा ती पोर वर बघायला लागली.

पुढच्या शनिवारी मामा आले तेव्हा ती काळी पेटी त्यांच्या हातात नव्हती. लेक घेऊन पुढं चालत होती.

आता खरं तेवढंच सांगते. यानं त्या घराची गरिबी गेली नाही. गटानं कर्ज दिलं, त्यातून थोडे पैसे क्लॅरिनेटच्या गाद्या बदलायला गेले, बाकीच्या दोन शेळ्या आल्या. शेळ्या आल्याच, माझा हिशेब अगदीच चुकला नव्हता. वैनी अजून रोजानं जाते. मामांना कधी सुपारी मिळते, कधी नाही. पण शनिवारी शाळेत अकरा लेकरं त्यांच्याकडं ठेका आणि सूर शिकतात, त्यांत सात पोरी आहेत. आणि गावात त्यांना पोरं 'बँडवाले सर' म्हणतात. आधी फक्त 'बँडवाला' म्हणायची.

लेकरांना समोर बसवून कलाकार ऐकवायचं काम देशात आधीपासून चालतं. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली स्पिक मॅके नावाची चळवळ सुरू केली. मोठमोठे गवई-वादक, लोककलावंत शाळा-कॉलेजात जातात, वाजवतात, समजावून सांगतात. सेठ सर सत्तरी ओलांडल्यावर २०२२ साली श्रीनगरहून कन्याकुमारीकडं सायकलवर निघाले, याच कामासाठी. तिकडं न्यूयॉर्कमध्ये विंटन मार्सालिस यांच्यासारखा नावाजलेला ट्रम्पेटवादक शाळकरी मुलांसाठी जॅझचे खास कार्यक्रम करतो. मोठी माणसं लेकरांपुढं बसायला कमीपणा मानत नाहीत. मग आपण आपल्या गावच्या कलाकाराला बोलवायला का मानावा?

तुमच्या गावात करायचं असेल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिलं, आपल्या गावात, शेजारच्या गावात कोण वाजवतं याची यादी करा. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सनई, हलगी, पेटी, मृदंग. गोंधळी असतील तर संबळ. गोंधळासाठी परभणीच्या राजारामबापू कदमांचं नाव निघतं, त्या जिल्ह्यात संबळ शाळेच्या बाहेर का राहावी?

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत बोला. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिथं आपण फक्त सहीपुरत्या जात असू तर चूक आपली आहे.

तिसरं, मानधन द्या, थोडं का होईना, आणि पाकिटात घालून द्या. खुर्ची द्या. लेकरांना 'सर' किंवा 'मॅडम' म्हणायला सांगा.

चौथं, वर्गात मोठा स्पीकर लावू नका, वाद्याचा मूळ आवाज पुरतो. फुंकायचं वाद्य एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी देऊ नका. हाताळायला द्यायचं तर ठेक्याची वाद्यं द्या. आणि पोरींना मागं बसवू नका. हात वर केला नाही तरी त्यांना विचारा.

माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत कुणी असं एखादं वाद्य विकायचं म्हणाली, तर माझ्यासारखं घाईनं 'विका' म्हणू नका. आधी विचारा, हे वाजवतं कोण? आणि शेवटचं कधी वाजलं?

एवढं बोलून थांबते. आता आमचे दादा तुम्हाला एक ध्वनिमुद्रण ऐकवतील. ते आर्मस्ट्राँगचं नाही. आमच्या बँडवाल्या सरांचं आहे, आणि सोबत आमच्या आजीचा आवाज आहे. लेकरांना जवळ बोलवा आणि ऐका.